कॉफीपूर्वीचा अर्धा तास

चेन्नईत मैलापूरच्या लझ भागात नागेश्वरराव पार्क म्हणून जी बाग आहे, तिच्यात पहाटे साडेपाच ते सात या वेळात कॅनव्हासचे बूट, शुभ्र धोतर आणि लेकीने अमेरिकेहून पाठविलेला सदरा अशा वेषात प्रदक्षिणा घालणाऱ्या वयस्क मंडळींच्या संभाषणाचा विषय दर दहा-बारा वर्षांनी बदलतो, हे मी येथील दीर्घ वास्तव्यात लक्षपूर्वक पाहून ठेवले आहे. रेल्वेच्या हिशेब खात्यात बदली होऊन मी या शहरात रुजू झालो, तेव्हा सारी बाग रक्तदाबावर बोलत असे. पुढे मधुमेहाची कारकीर्द आली आणि ‘शुगर किती?’ हा प्रश्न ‘जेवलात का?’ या प्रश्नाइतका निरुपद्रवी झाला. मध्यंतरी गुडघ्यांनी काही काळ सत्ता बळकावली होती. आणि सांप्रत हाडांच्या घनतेचा अंमल बेदिक्कत चालू आहे. ज्यांच्या नावाने ही बाग ओळखली जाते ते काशीनाथुनी नागेश्वरराव पंतुलू म्हणजे 1893 साली आपल्या मुंबईत अमृतांजन काढणारे गृहस्थ, तेव्हा अंग दुखणाऱ्या माणसांनी नेमके येथेच जमावे यात एक प्रकारचे औचित्य आहे, आणि खंडाळ्याच्या घाटातला अमृतांजन पूल ज्याला आठवतो त्या मराठी माणसाला तर येथे परकेपणा वाटण्याचे कारणच नाही. अडचण एवढीच, की बाम जेथे दुखते तेथे चोळावयाचा असतो, आणि या नव्या दुखण्यात मुळी दुखतच नाही.

हाडे ठिसूळ होण्याच्या विकाराचा हा मोठा कपटी स्वभाव आहे. ताप आपली वर्दी देतो, दात ठणकून हजेरी लावतो, पण हाड वर्षानुवर्षे आतून विरळ होत असता यत्किंचित वाच्यता करीत नाही, आणि एके दिवशी मोरीच्या उंबऱ्याशी हात टेकून पडलेल्या बाईचे मनगट काडकन मोडते तेव्हाच कुटुंबीयांना प्रथम सुगावा लागतो. हाड ही एकदा बांधून विसरून जाण्याची वास्तू नव्हे. तेथे एका जातीच्या पेशी जुने हाड दोन-चार आठवड्यांत खणून काढतात आणि दुसऱ्या जातीच्या पेशी तो खड्डा भरावयास तीन-चार महिने घेतात. लझच्या नाक्यावर मेट्रोचे काम ज्यांनी पाहिले आहे, त्यांना खणणारे खाते आणि बुजविणारे खाते यांच्या गतीतील हा फरक निराळा समजावून सांगावा लागत नाही. तिशीच्या सुमारास हाडांची जी काही पुंजी जमावयाची ती जमून चुकते. त्यानंतर बुजविणारे खाते हळूहळू मागे पडू लागते, आणि स्त्रियांची पाळी थांबली की इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा धाक सुटून खणणारे अगदी मोकाट होतात. पाळी थांबणे आणि हाडे ठिसूळ होणे यांचा हा संबंध बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट या वैद्याने 1940 च्या सुमारास दाखवून दिला. पुरुषांचा ऱ्हास जरा सावकाश चालतो, पण चालतो. त्यांनी मिशीवर ताव देण्याचे काही प्रयोजन नाही.

आता कोणीही विचारील, की विषुववृत्तापासून अवघ्या तेरा अंशांवर वसलेल्या, जेथे वर्षाचे तीन ऋतू उष्ण, उष्णतर आणि उष्णतम असे विनोदाने सांगितले जातात, त्या या शहरात सूर्यप्रकाशापासून फुकट मिळणाऱ्या ‘ड’ जीवनसत्त्वाचा तुटवडा पडावा तो कसा? वस्तुतः याचे उत्तर बागेतच मिळते. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण सूर्य चांगला वर आल्यावर, साधारण दहा ते तीन या वेळात, भूमीपर्यंत पोहोचतात. आणि आमची मंडळी सात वाजता पहिली तिरीप झाडांमधून उतरली रे उतरली, की कोणी वॉरंट घेऊन आल्याप्रमाणे घराकडे पळत सुटतात. अकरा वाजता भाजी आणावयास निघालेल्या मामी छत्री, पदर आणि दुकानांच्या पागोळ्या यांचा असा कुशल उपयोग करतात, की दक्षिण माड वीथीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सूर्याला त्यांचा अंगठासुद्धा दिसत नाही. मे महिन्यातल्या अग्निनक्षत्राचे दिवस ज्याने येथे काढले आहेत, तो त्यांना बोल लावणार नाही. मग जे आकाशातून फुकट येते ते औषधाच्या दुकानातून साठ हजार युनिटांच्या पुडीच्या रूपाने विकत आणावे लागते. ही पुडी डॉक्टर बहुधा आठवड्याला एक अशी, ठरावीक मुदतीपर्यंत लिहून देतात. परंतु एक चांगली तर सात अधिक चांगल्या, अशा हिशेबाने ती रोज दुधात ढवळून पिणारे उत्साही लोक प्रत्येक शहरात असतात, आणि रक्तातील कॅल्शियम भलतेच वाढून मूत्रपिंडांनी तक्रार गुदरली म्हणजे त्यांना मोठे नवल वाटते.

या विकाराचा छडा लावणाऱ्या यंत्राला डेक्सा म्हणतात. रुग्णाने एका लांबट बाकावर उताणे निजावयाचे, पोटऱ्यांखाली एक चौकोनी ठोकळा ठेवावयाचा, आणि वरून एक दांडा घोगरा आवाज करीत सावकाश सरकत जावयाचा. दुखत नाही, खुपत नाही, क्ष-किरणांचे प्रमाणही नगण्य, आणि दहा-पंधरा मिनिटांत कंबरेचे मणके व मांडीचा खुबा यांचा पंचनामा पुरा होतो. संसारासाठी आपण आयुष्यभर हाडाची काडे केली, असे वेळोवेळी ऐकविण्याचा ज्यांना हक्क होता, त्यांना या यंत्रामुळे त्याचा दस्तऐवजी पुरावा, दशांशचिन्हासह, हाती मिळू लागला. त्या कागदावरचा मुख्य आकडा म्हणजे टी-स्कोअर. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1994 सालच्या निकषाप्रमाणे तो उणे एकपर्यंत असला तर ठीक, उणे एक आणि उणे अडीच यांच्या दरम्यान असला तर हाडे विरळ, आणि उणे अडीच किंवा त्याहून खाली गेला तर रीतसर ऑस्टिओपोरोसिस. येथवर सारे शिरस्त्याप्रमाणे आहे. गंमत पुढे आहे. हे उणे कोणापेक्षा उणे, म्हणून मी चौकशी केली, तेव्हा खुब्याच्या बाबतीत तुलनेला धरलेली व्यक्ती म्हणजे विशीतली निरोगी गोरी अमेरिकन स्त्री, असे समजले. आणि पुरुषांच्या बाबतीतही तज्ज्ञमंडळाचा सल्ला तोच प्रमाण आकडा वापरण्याचा आहे. तात्पर्य, सत्तरी उलटलेल्या माझ्या खुब्याचे माप एका पंचविशीतल्या परदेशी तरुणीच्या खुब्याशी ताडून पाहण्यात आले आणि मी तिच्यापेक्षा कमी भरलो. हे आमच्या कुटुंबाला कळविले तेव्हा तिने त्यात काही विशेष आश्चर्य मानले नाही. त्याच कागदावर झेड-स्कोअर म्हणून दुसरा आकडा असतो; त्यात आपली तुलना आपल्याच वयाच्या माणसांशी केलेली असल्यामुळे तो पुष्कळ बरा दिसतो, आणि म्हणून बागेत सर्वजण तोच सांगतात.

निदान झाले, की स्वयंपाकघराकडे मोर्चा वळतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2010 च्या शिफारशीत प्रौढ माणसाला रोज 600 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरेसे होते. 2020 मध्ये तोच आकडा 1000 करण्यात आला आणि पाळी थांबलेल्या स्त्रियांसाठी 1200. त्यामुळे दहा वर्षे इमानेइतबारे भरणा करणारी माणसे एका सकाळी थकबाकीदार ठरली. थकबाकी भरण्याची तजवीज या प्रांतात तशी उत्तम आहे. आडी महिन्यात मारियम्मनच्या देवळांपुढे मोठमोठ्या भांड्यांतून जी आंबील वाटतात ती नाचणीचीच असते, आणि शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम भरते. तिच्यापुढे तांदूळ म्हणजे केवळ दिवाळखोर. गरिबाची म्हणून जी नाचणी आमच्या कोकणात आणि येथल्या खेड्यांत पिढ्यानुपिढ्या खाल्ली गेली, तिलाच आता आळवारपेटेतील उपाहारगृहांत चकचकीत कार्डावर मानाचे स्थान मिळाले असून, तिचा एक डोसा पूर्वीच्या पोतेभर नाचणीच्या किमतीत मिळतो. तीळ उत्तम, परंतु साल काढून पांढरेशुभ्र केले, की कॅल्शियमचा मोठा भाग सालीबरोबर निघून जातो. शेवग्याचा पाला चांगला. कढीलिंब तर फारच चांगला, पण त्याच्या शंभर ग्रॅमांतील कॅल्शियमचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखविणारे गृहस्थ सांबारातली चार पाने बोटाने बाजूला काढून केळीच्या पानाच्या कडेला नीट रचून ठेवतात, हे मी पाहिले आहे.

दुधाच्या बाबतीत आविनच्या पिशव्यांचे रंग हा येथे घरोघरी मतभेदाचा विषय असतो. साय कमी झाली म्हणजे कॅल्शियमही कमी झाले, अशी एक भाबडी समजूत रूढ आहे. वस्तुतः पिशवी कोणत्याही रंगाची असो, पाव लिटर दुधामागे तीनशेच्या आसपास मिलिग्रॅम मिळतातच. माझ्या मते तमिळ माणसाच्या हाडांना खरा जामीन राहिला आहे तो दहीभात. इडली-डोशाने पोट भरते, सांबाराने जीभ तृप्त होते, पण जेवणाच्या शेवटी निमूटपणे येणारा हा दहीभातच हाडांचे देणे फेडीत असतो. त्याच्या शेजारी बसणारे लोणचे आणि तळलेले अप्पळम् मात्र तितकेसे निष्पाप नाहीत, कारण मीठ अधिक झाले की ते जाता जाता कॅल्शियमलाही मूत्रावाटे बाहेर घेऊन जाते. राहिली कॉफी. तिच्यावर हाडे झिजविल्याचा आरोप आहे, आणि तो सर्वथैव खोटा नाही. तथापि एका पेल्यामुळे होणारे नुकसान दोन-तीन चमचे दुधात भरून निघते, आणि येथील फिल्टर कॉफीत दूध किती असते हे जाणणारा कोणीही पंच तिला निर्दोष सोडील.

या प्रांताचा खास दावेदार मात्र निराळाच आहे. आपल्याकडे जिला कांडवेल किंवा हाडसांधी म्हणतात ती चौधारी, पेरापेरांची वेल येथे पिरंडै या नावाने गच्चीगच्चीवर लोंबत असते. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावरील मामी, ज्यांनी पस्तीस वर्षे मुलींना गणित शिकविले आणि ज्या अजूनही मला ‘सार’ म्हणताना उत्तर चुकलेल्या विद्यार्थ्याकडे पाहावे तशा पाहतात, त्या वेलीचे तुवैयल, म्हणजे चटणी, करतात ते बघण्यासारखे असते. प्रथम दोन्ही तळहातांना तिळाचे तेल चोपडावयाचे, नाहीतर बोटांना अशी खाज सुटते की संध्याकाळपर्यंत दुसरे काही सुचत नाही. मग शेंड्याकडची कोवळी पेरे तेवढी घेऊन त्यांच्या धारा सुरीने सोलावयाच्या, आणि ते तुकडे तेलात हिरवा रंग पार उतरून तपकिरी होईपर्यंत परतावयाचे. पुढे उडदाची डाळ, लाल मिरची, हिंग आणि भरपूर चिंच घालून सारे वाटावयाचे. परतण्यात घाई केली तर घशात शेकडो सुया टोचतात, कारण या वेलीत कॅल्शियम ऑक्झलेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. आता, प्राण्यांवर आणि थोड्याबहुत माणसांवर तिचे प्रयोग झाले आहेत व मोडलेले हाड सांधण्याच्या कामी तिचा काही उपयोग असावा अशी आशाही त्यांतून दिसते, हे खरे; पण विरत चाललेल्या सांगाड्याचा कारभार तिच्या एकटीवर सोपवावा इतका पुरावा नाही. गरम भात, तूप आणि हे तुवैयल यांच्या समोर बसले असता मात्र पुराव्याची आठवण होत नाही.

वेलीच्या खालोखाल इतबार आहे तो पुत्तूरच्या पट्टीवर. आंध्रातल्या पुत्तूर गावच्या एका घराण्याने नावारूपाला आणलेली हाड बसविण्याची ही विद्या चेन्नईत इतकी पसरली आहे, की तिची पाटी दिसत नाही असा मोहल्ला सापडणे कठीण. पाल्याचा लेप, अंड्याचा बलक काढून उरलेले पांढरे, बांबूच्या कामट्या आणि कापडाचे घट्ट वेढे. मोडलेले बांधता येते. विरलेले बांधता येत नाही.

या प्रांतात हाडांचा विषय निघाला, की मला एका मराठी राजाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले यांना ग्रंथसंग्रहाइतकाच वैद्यकाचाही नाद होता. सरस्वती महालाची कीर्ती त्यांच्यामुळेच वाढली, आणि धन्वंतरी महाल म्हणून औषधशाळाही त्यांनीच चालविली. कलकत्त्याचे बिशप हेबर 1826 च्या मार्चअखेर तंजावरास गेले तेव्हा त्यांना राजेसाहेबांच्या ग्रंथालयात हवा काढण्याचा पंप, विजेचे यंत्र आणि ज्योतिषाची उपकरणे यांच्या पंक्तीला एक हस्तिदंती सांगाडा पाहावयास मिळाला. मानवी अस्थी हाताळण्याचा विटाळ टाळून शरीरशास्त्र शिकण्याची ही युक्ती असावी, असे मी समजतो. आणि राजाच्या दूरदृष्टीचे कौतुक करतो, कारण आमच्या साऱ्या परिचितांत टी-स्कोअर कधीही न घसरलेला असा हा एकमेव सांगाडा होय.

आता औषधांकडे वळणे भाग आहे, कारण हाडे उणे अडीचच्या खाली गेली किंवा एकदा ठिसूळपणाने मोडली, की नाचणी, दूध आणि ऊन हे सारे आवश्यक असूनही पुरेसे राहत नाहीत. ते पुढची घसरण मंद करतात, गेलेला मुलूख परत मिळवून देत नाहीत. मामींचे मनगट मोडले, डेक्साने फर्मान काढले आणि डॉक्टरांनी त्यांना ॲलेंड्रोनेटची 70 मिलिग्रॅमची गोळी, आठवड्यातून एकदा, अशी लिहून दिली. ही गोळी बिस्फॉस्फोनेट कुळातली आहे, आणि त्या कुळाचा पूर्वेतिहास या शहराला आपलासा वाटावा असा आहे. येथील बोअरिंगच्या पाण्याने बादल्यांवर, नळांवर आणि गिझरच्या पोटात क्षारांचे जे पांढरे कवच चढते, तसे कवच नळांत साचू नये म्हणून याच कुळातील रसायने उद्योगधंद्यांत वापरली जात; पुढे 1960 नंतरच्या दशकात स्वित्झर्लंडमधल्या दाव्होसला हर्बर्ट फ्लाइश आणि त्यांचे सहकारी यांनी ही द्रव्ये हाड खणणाऱ्या पेशींनाही आवरतात, असे शोधून काढले. प्लंबरच्या पिशवीतून वैद्याच्या पेटीत झालेली ही बढती मला फार भावते.

परंतु या गोळीच्या अटी तैनाती फौजेच्या तहनाम्याहून कडक आहेत. ती सकाळी उठल्याबरोबर, पूर्ण रिकाम्या पोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यावयाची. दुधाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. नंतर निदान अर्धा तास आडवे व्हावयाचे नाही, कारण ती अन्ननलिकेत रेंगाळली तर जाळते. आणि त्या अर्ध्या तासात काही खावयाचे नाही व, हे डॉक्टरांनी मामींना दोनदा सांगितले, कॉफी प्यावयाची नाही, कारण कॉफीने गोळीचे शोषण निम्म्याहून अधिक घटते. आयुष्यात ज्यांनी वैधव्याची, महागाईची आणि दहावीच्या भूमितीची भीती बाळगली नाही त्या मामी हे ऐकून क्षणभर गप्प झाल्या. मग त्यांनी प्रथम वाराचा प्रश्न हाती घेतला. मंगळवार तेलाचा, शनिवारी मुलाचा परदेशातून पहाटेच फोन, शुक्रवार देवीचा. गुरुवार चांगला म्हणावा, तर पंचांगात गुरुवारी सहा वाजता यमगंडम् लागते, आणि हाडांचे औषध यमाच्या वेळेत घेण्यास गणिताची शिक्षिका झाली तरी कशी धजावेल? अखेर बुधवार मुक्रर झाला.

बुधवारचा तो अर्धा तास मी त्यांच्या ओसरीत, वर्तमानपत्र मागण्याच्या निमित्ताने, प्रत्यक्ष पाहिला आहे. साडेपाचला गोळी घेऊन मामी ताठ पाठीच्या खुर्चीत भिंतीवरील घड्याळाकडे तोंड करून बसल्या होत्या. आत ओट्यावर पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यातून काळा अर्क थेंब थेंब खाली ठिबकत होता, आणि त्या प्रत्येक थेंबाचा वास ओसरीपर्यंत येत होता. धाकटी जाऊबाई दूध तापवावयास ठेवून बाहेर डोकावली आणि त्यांची मुद्रा पाहून परत गेली. मी बोलण्याचा प्रयत्न केला. पाच वाजून बावन्न मिनिटांनी त्या मला म्हणाल्या, “सार, घड्याळ मागे आहे का हो?” सहाच्या ठोक्याला वाफाळलेला पेला त्यांच्या हातात होता. मला वाटते, या गोळीबद्दल कोणी काहीही शंका काढो, जी स्त्री कॉफीसाठी अर्धा तास थांबू शकते तिच्या निर्धारापुढे खणणाऱ्या पेशींचा निभाव लागणे कठीण आहे.

ज्यांना हा नेम झेपत नाही, त्यांच्यासाठी वैद्यकाने अन्य दरवाजे उघडे ठेवले आहेत. झोलेड्रोनिक आम्ल शिरेतून वर्षातून एकदा देतात. पहिल्या खेपेला एक-दोन दिवस अंग मोडून ताप येतो, पण नंतर वर्षभर गोळीची कटकट नाही. डेनोसुमॅबचे इंजेक्शन सहा महिन्यांनी असते, आणि ते घेणाऱ्याने मुदत कधीही चुकवू नये, कारण ते मध्येच सोडले तर हाडे झपाट्याने झिजून मणके एकामागून एक चेपू शकतात. त्यातून बाहेर पडावयाचे तर डॉक्टरांच्या सल्ल्याने दुसरे औषध हाती धरूनच. ज्यांची हाडे फारच खालावली आहेत त्यांना टेरिपॅरॅटाइड, म्हणजे बुजविणाऱ्या खात्याला चेतविणारी रोजची सुई, बहुधा दोन वर्षांपर्यंत. यांपैकी कोणते घ्यावे हे मूत्रपिंडे, दात, खिसा आणि आधी काही मोडले आहे की नाही, एवढे पाहून डॉक्टर ठरवितात.

बागेत मात्र ते दुसऱ्याच न्यायाने ठरते. बिस्फॉस्फोनेटमुळे क्वचित जबड्याचे हाड कुजते आणि पुष्कळ वर्षे घेतल्यास क्वचित मांडीचे हाड भलत्याच ठिकाणी तडकते, ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच डॉक्टर आधी दात तपासून घेण्यास सांगतात व चार-पाच वर्षांनी औषध थांबवावे का याचा फेरविचार करतात. जबड्याचा हा प्रकार या मात्रेत वर्षाला दहा हजारांत एखाद्याला, किंवा त्याहूनही कमी, होतो. पण हा दहा हजारांतला एकजण नागेश्वरराव पार्कात सर्वांच्या ओळखीचा असतो, कोणाच्या तरी मेहुण्याचा शेजारी असतो. आणि त्याच्या भीतीने गोळी सोडून देणारे गृहस्थ घरी जाऊन ओल्या मोरीत एका पायावर उभे राहून दुसरा पाय धुतात.

व्यायामाविषयी थोडक्यात सांगण्यासारखे आहे. हाडाला भार आवडतो. अंतराळवीरांना भार नसल्यामुळे त्यांच्या खुब्याचे हाड महिन्याला शेकडा एक ते दीड घटते. आमच्याकडे अंतराळ नाही, पण दिवाणखान्यात पितळी साखळ्यांचा झोपाळा आहे, आणि निवृत्तीनंतर त्यावर ज्यांचे वास्तव्य असते त्यांची गत फार वेगळी नाही. चालणे उत्तम, जिने चढणे अधिक चांगले. पाण्याच्या पिशव्या उचलणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे आणि खुर्चीतून हातांचा आधार न घेता दहा वेळा उठणे हे त्याहून उपयोगी. पोहण्याने हृदयाला लाभ होतो, हाडांना फारसा नाही. मणके ठिसूळ झालेल्यांनी मात्र कंबरेतून वाकण्याचे प्रकार, मग ते योगासनातले असोत की दारापुढच्या कोलम रांगोळीचे, डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नयेत. मामींनी पन्नास वर्षे पहाटे ओणव्या राहून ठिपक्यांचे कोलम काढले. आता जाऊबाई काढतात, आणि मामी ताठ उभ्या राहून ठिपके मोजतात. चूक सापडते.

सरतेशेवटी पडण्याचा प्रश्न. येथे शनिवारी पुरुषांनी आणि मंगळवारी-शुक्रवारी स्त्रियांनी तिळाच्या तेलाने अभ्यंग करण्याची जुनी वहिवाट आहे, आणि हाडे बळकट व्हावीत हाच तिचा एक हेतू सांगतात; पण गुळगुळीत फरशी, तिच्यावर पाणी, पाण्यावर तेल आणि तेलावर सत्तर वर्षांचे गृहस्थ, अशी ही योजना पाहिली म्हणजे हाडवैद्यांच्या पाट्या का वाढतात याचा उलगडा होतो. हस्तिदंती सांगाडा पाहून तंजावराहून निघालेले बिशप हेबर 3 एप्रिल 1826 रोजी तिरुचिरापल्लीला स्नानाच्या हौदातच गतप्राण झाले. ते घसरून नव्हे, तरी दक्षिणेतले स्नानगृह ही जपून जाण्याची जागा आहे एवढा बोध मी त्यातून घेतला आणि आमच्या मोरीत भिंतीला एक लोखंडी दांडी बसवून घेतली. बसविणाऱ्या कारागिराने ती टॉवेलसाठी आहे असे समजून फार उंच बसविली होती. ती पुन्हा खाली आणावी लागली.

मामींच्या बाबतीत एक गोष्ट योग्य वेळी घडली, ती अशी, की मनगटाचे प्लास्टर काढून सुटी देण्यापूर्वी डॉक्टरांनी हाड का मोडले याचीही चौकशी केली. बहुतेकांच्या बाबतीत ती होत नाही. हाड जुळते, माणूस घरी येतो, आणि काही वर्षांनी खुबा मोडून परत जातो. तेव्हा वाचकहो, आपल्या घरी पन्नाशी उलटलेल्या कोणाचे हाड उभ्या उभ्या पडण्यासारख्या क्षुल्लक कारणाने मोडले असेल, किंवा कोणाची उंची तरुणपणापेक्षा चार सेंटिमीटरहून अधिक घटली असेल, तर प्लास्टर काढावयास जाल त्याच दिवशी, आणि प्लास्टर नसेल तर पहिल्याच भेटीत, डॉक्टरांपाशी डेक्साची दरखास्त करा. आणि गोळी लिहून मिळाली तर कॉफी अर्ध्या तासाने प्या.